विद्युत्घटांची हजेरी

दूरध्वनी केंद्राच्या इमारतीत एक खोली अशी असते, की तिच्याकडे पाहुण्यांना सहसा कोणी नेत नाही. तीत यंत्रांचा खडखडाट नसतो, लुकलुकणाऱ्या दिव्यांची आरासही नसते. लोखंडी मांडणीवर २४ विद्युत्घट रांगेने उभे असतात आणि एकाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाशी जाड पट्ट्यांनी जोडलेले असते. एकेक घट सुमारे २ व्होल्टचा. सर्वांची मिळून माला ४८ व्होल्टची. वर्षातील बहुतेक दिवस या मालेला काहीच काम नसते. बाहेरून वीज येत असते, चार्जर तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर करून केंद्राला पुरवीत असतो आणि घट भरल्या पोटी स्वस्थ बसलेले असतात. परंतु बाहेरची वीज जाते त्याच क्षणी, एका सेकंदाचीही सवलत न मागता, साऱ्या केंद्राचा भार या घटांनी उचलावा अशी अपेक्षा असते. जनित्र सुरू होईपर्यंत, आणि तेही रुसून बसले तर पुढे कित्येक तास, गावाचे बोलणे चालू राहावयाचे ते यांच्या जिवावर.

दूरध्वनी केंद्र हे केवळ एक उदाहरण झाले. रेल्वेच्या सिग्नल-यंत्रणेमागे ११० व्होल्टची, ५५ घटांची माला उभी असते. विद्युत उपकेंद्रात तर एक विलक्षण गोष्ट आढळते. ज्या वास्तूतून प्रचंड वीज अहोरात्र वाहत असते, तेथील सर्किट ब्रेकर मात्र त्या विजेच्या भरवशावर ठेवता येत नाहीत. कारण त्यांना काम करावयाचे असते ते नेमके त्या विजेत बिघाड झाला असता. म्हणून त्यांना आज्ञा देणारा प्रवाह शेजारच्या खोलीतील घटमालेतून घेतला जातो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई व तिच्या आसपासच्या प्रदेशाची वीज गेली, लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि रुग्णालयांना आपापल्या पर्यायी व्यवस्थेवर विसंबावे लागले. अशी घटका वर्षानुवर्षे येत नाही. पण येते तेव्हा घटमालेची परीक्षा पूर्वसूचनेवाचून होते.

अडचण अशी, की विद्युत्घटाचा ऱ्हास मुकाट्याने होतो. मोटार बिघडू लागली की कुरकुरते, तिचे बेअरिंग तापते, वास येतो. घट आतून झिजतो, वाळतो, त्याच्या पट्टिकांचे लेपन गळून पडते. तरी तो बाहेरून कालच्यासारखाच दिसतो. तेव्हा चोवीसांपैकी कोणता घट खचत चालला आहे, हे तो प्रसंगाला दगा देण्यापूर्वी कळावे कसे, हा प्रश्न आहे. आणि संगणकाने त्याला जे उत्तर दिले आहे ते समजून घेण्याजोगे आहे.

शिशाचा पुनःपुन्हा भरता येणारा घट गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली सिद्ध केला. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे या घटांच्या देखरेखीची रीत फारशी बदलली नाही. घटांची तोंडे उघडता येत असत आणि आत पातळ गंधकाम्ल असे. घटगृहाचा परिचारक ठरलेल्या दिवशी यावयाचा, हायड्रोमीटरच्या काचनळीत थोडे आम्ल ओढून घ्यावयाचा आणि त्यातील तरंगत्या मापकावरून विशिष्ट गुरुत्व वाचावयाचा. ते १.२ च्या आसपास असले म्हणजे घट भरलेला. पुरेसे खाली गेले म्हणजे रिता. पाणी आटले असेल तेथे ऊर्ध्वपातित पाणी घालावयाचे, टोकांवर चढलेली पांढरी-हिरवी पुटे पुसावयाची आणि सारे आकडे वहीत मांडावयाचे. बरण्या काचेच्या असत तेव्हा तर पट्टिकांचा रंग आणि तळाशी साचलेला गाळही डोळ्यांना दिसे. अशा माणसाला दोन-चार वर्षांत प्रत्येक घटाचा स्वभाव कळून येई. अकरावा जरा हट्टी आहे, विसावा लवकर थकतो, हे तो वही न उघडताही सांगू शके.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बंदिस्त घट प्रचारात आले. यांतील आम्ल सच्छिद्र काचतंतूंत शोषलेले किंवा गोठवून चिकासारखे केलेले असते. चार्जिंगच्या वेळी निघणारा ऑक्सिजन बाहेर न जाता आतल्या आत पुन्हा पाण्यात परत जातो. आणि झाकणावर केवळ एक झडप असते, जी दाब फाजील वाढला तरच उघडते. पाणी घालण्याचे काम संपले, आम्लाचे शिंतोडे थांबले, घट कचेरीच्या कोपऱ्यातही ठेवता येऊ लागले. पण झाकण कायमचे बंद झाले तेव्हा हायड्रोमीटर शिरण्याची वाटही बंद झाली. या घटांवर ‘मेंटेनन्स फ्री’ असे छापलेले असते. त्याचा अर्थ पाणी घालावयाची गरज नाही, एवढाच. त्यांच्याकडे पाहावयाचीच गरज नाही असा अर्थ अनेक ठिकाणी सोयीस्करपणे करून घेण्यात आला आणि परिचारकाची वही बंद पडली.

वही बंद पडली तरी चार्जरवर व्होल्टमापक आहे ना, असे कोणी म्हणेल. हा मापक नेमके काय सांगतो ते बारकाईने पाहिले पाहिजे. भरलेल्या शिसे-आम्ल घटाला त्याच अवस्थेत राखण्यासाठी सुमारे २.२५ व्होल्टचा दाब सतत द्यावा लागतो. २४ घटांना मिळून तो होतो ५४ व्होल्ट. चार्जर हे ५४ व्होल्ट अट्टहासाने कायम राखतो. तेच त्याचे काम. आता समजा, एका घटात अंतर्गत दोष होऊन त्याचा दाब १.८ व्होल्टवर घसरला. उरलेले ५२.२ व्होल्ट बाकीच्या २३ घटांत वाटले जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला २.२७ व्होल्ट येतात. बेरीज पुन्हा ५४ च. एक उपाशी, तेवीस किंचित अधिक जेवलेले, आणि मापकाचा काटा तसूभरही हललेला नाही!

याहून वाईट प्रसंग संभवतो. एखाद्या घटाच्या आतील सांधा पुरता तुटला, तर मालेतून प्रवाह वाहणेच थांबते. बाकीचे घट आपल्या विश्रामाच्या दाबावर, सुमारे २.१ व्होल्टवर, येतात. तेवीसांचे मिळून ४८.३. चार्जरचे ५४ आणि हे ४८.३ यांतील ५.७ व्होल्टची तफावत त्या तुटलेल्या एकट्या घटाच्या दोन टोकांवर जाऊन बसते. म्हणजे जो घट संपला आहे तोच, त्याच्यापाशी जाऊन मोजले तर, सर्वांत सशक्त दिसावा! आणि चार्जरचा मापक? तो ५४ दाखवीतच राहतो. वास्तविक त्या क्षणी ती घटमाला नाहीच. मांडणीवर केवळ चोवीस डबे आहेत. बाहेरची वीज जाताच केंद्र पूर्ण अंधारात जाईल. चार्जरचा मापक हा चार्जरचा साक्षीदार आहे, घटांचा नव्हे, ही गोष्ट अनेक अनुभवी माणसांच्याही लक्षात उशिरा येते.

दुबळा घट निर्वाहाच्या वेळीही केवळ कमी काम करून थांबत नाही. एकसरीत जोडलेल्या मालेत सर्वांतून एकच प्रवाह वाहतो. एकाचा साठा आधी संपला तरी बाकीचे तेवीस त्याच्यातून प्रवाह रेटीतच राहतात. त्याचा दाब शून्याखाली जातो, टोके उलट होतात, आणि जो वाहून नेणारा होता तो वाहून न्यावयाचे ओझे होतो. तो तापतो, कधी फुगतोही.

तेव्हा प्रत्येक घट निरनिराळा मोजला पाहिजे, याला तरणोपाय नाही. प्रत्येक घटापासून दोन तारा काढून त्या संगणकाच्या खोलीपर्यंत न्याव्यात, हा सर्वांत सरळ विचार. पंचावन्न घटांच्या मालेला अशा तारांचा एक वटवृक्षच होईल; शिवाय त्यांतील प्रत्येक तारेवर घटाचा जिवंत दाब असल्याने कोठे एक उंदीर जरी दात लावून गेला तरी ठिणगी पडेल. म्हणून आता प्रत्येक घटाच्या माथ्यावर हाताच्या पंजापेक्षा लहान असे एक उपकरण बसवितात. त्याला मोड्यूल म्हणतात. त्यात एक सूक्ष्म नियंत्रक, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, असतो आणि दाबाचे अंकांत रूपांतर करणारे एक अंग असते. ३ व्होल्टच्या पल्ल्याचे ४०९६ समान भाग पाडले तर एक भाग पाऊण मिलिव्होल्टहूनही किंचित लहान येतो. एवढ्या बारीक सुईने २.२५ आणि २.२७ यांतील भेद सहज ओळखता येतो. मोजमाप घटापाशीच होते आणि दूर पाठवावयाचा उरतो तो केवळ आकडा.

हा आकडा पाठविण्याची रीत म्हणजेच अनुक्रमी संदेशवहन. आकड्याचे शून्य आणि एक अशा दोन चिन्हांत लेखन करावयाचे आणि ती चिन्हे एकाच वाटेने, मुंग्यांच्या रांगेसारखी, एकामागून एक सोडावयाची. प्रत्येक अक्षराच्या आरंभी एक खुणेचे चिन्ह, शेवटी एक विरामाचे. ही पद्धत संगणकाने शोधलेली नाही. ती त्याला वारशाने मिळाली ती तारायंत्राकडून आणि त्याच्या मागून आलेल्या टेलिप्रिंटरकडून. संदेशाचा वेग ज्या ‘बॉड’ या एककात सांगतात, तेही एमिल बोदो या फ्रेंच तारतज्ज्ञाच्या नावावरून पडले. भारतातील सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. परंतु तारेची चाल घटगृहांतून अद्याप सुरूच आहे. गंमत अशी, की तारकचेऱ्यांतील घट माणसांचे निरोप वाहून नेत असत आणि आता त्याच चालीने घट स्वतःचा निरोप पाठवू लागले आहेत.

संगणकाच्या पाठीमागे पूर्वी नऊ टाचण्यांचे जे जोडणीद्वार असे, ते आरएस-२३२ या नावाच्या संकेतानुसार चाले. हा संकेत १९६० सालचा. तो दोघांच्या खाजगी संभाषणासाठी ठीक, पण एका तारेवर चोवीस बोलणाऱ्यांना त्यात जागा नाही आणि पन्नास फुटांपलीकडे त्याचा आवाजही विरू लागतो. या कामी १९८३ सालचा आरएस-४८५ हा संकेत उपयोगी पडला. त्यात एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा असतात आणि संदेश त्यांपैकी कोणत्याही एकीवर नसून दोघींच्या दाबांतील फरकात असतो. चार्जरच्या गोंगाटाने दोन्ही तारांचा दाब एकदम उचलला गेला, तरी फरक तसाच राहतो. दोघे एकाच होडीत बसले असता लाटेने होडी वरखाली झाली तरी त्यांच्या उंचीतील अंतर बदलत नाही, तसे. अशा एका जोडीवर मूळ हिशेबाने ३२ उपकरणे जोडता येतात, नव्या हलक्या घटकांनिशी त्याहून कितीतरी अधिक. आणि वेग माफक ठेवला तर तार १२०० मीटरपर्यंत लांब नेता येते. आजच्या संगणकाला नऊ टाचण्यांचे द्वार बहुधा नसतेच; म्हणून मध्ये यूएसबीचे आरएस-४८५ मध्ये रूपांतर करणारी एक लहानशी डबी लावावी लागते.

एका तारेवर इतके जण आले की शिस्त हवी. सगळेच एकदम बोलू लागले तर कोणाचेच ऐकू येणार नाही. येथे जी शिस्त लावली आहे ती शाळेतल्या हजेरीची. प्रत्येक मोड्यूलला एक क्रमांक दिलेला असतो. संगणक क्रमांक उच्चारतो: एक, आणि काय हवे ते विचारतो. सारे ऐकतात, पण उत्तर केवळ पहिलाच देतो. मग दोन, मग तीन. न विचारता कोणी बोलावयाचे नाही आणि दुसऱ्याच्या नावावर ‘हजर’ म्हणावयाचे नाही. या प्रश्नोत्तरांची सर्वांत रूढ भाषा मॉडबस ही होय. ती १९७९ साली कारखान्यांतील यंत्रांसाठी तयार झाली आणि तिच्यात १ ते २४७ पर्यंत क्रमांक देता येतात. तिच्यानंतर अधिक डौलदार भाषा पुष्कळ आल्या. तथापि जी भाषा शेजारच्या कारखान्यातला तंत्रज्ञही जाणतो ती साधी असली तरी सोडू नये, हा व्यवहार येथे बलवत्तर ठरला, आणि ते योग्यच झाले.

या हजेरीला वेळ किती लागावा? सेकंदाला ९६०० चिन्हे हा वेग धरला, तर एका अक्षराला एक मिलिसेकंदाहून थोडे अधिक लागते. प्रश्न आठ अक्षरांचा. दाब, तापमान व अंतर्गत रोध असे तीन आकडे मागितले तर उत्तर अकरा अक्षरांचे. दोहोंमधील विराम आणि मोड्यूलची विचार करण्याची सवलत धरूनही एकेका घटाचे काम चाळीस मिलिसेकंदांत आटोपते. चोवीसांची हजेरी सुमारे एका सेकंदात पूर्ण होते. परिचारकाला याच कामाला सकाळ लागत असे.

प्रत्येक प्रश्नाच्या आणि उत्तराच्या शेवटी दोन अक्षरांचा एक पडताळा-अंक जोडलेला असतो. आधीच्या सर्व अक्षरांवर एक ठराविक गणित करून तो काढतात. ऐकणारा तेच गणित स्वतः करतो, आणि अंक जुळला नाही तर निरोप वाटेत बिघडला असे समजून टाकून देतो. हा खटाटोप अनाठायी नाही. एका बिघडलेल्या चिन्हामुळे २.२५ चे १.२५ झाले आणि मध्यरात्री भोंगा वाजला, असे दोन-तीनदा घडले की चौथ्यांदा भोंग्याचा बोळा कोणीतरी कापून टाकतो. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट यंत्रांनाही लागू आहे. उत्तर आलेच नाही, तर संगणक ठराविक वेळ थांबून पुन्हा विचारतो, आणि तीन वेळा विचारूनही शांतताच राहिली तर तशी नोंद करतो. व्यवहारात मौन म्हणजे संमती मानतात. येथे मौन म्हणजे तक्रार.

येथवरची कथा सरळ आहे. परंतु घट संगणकाला जोडावयास जो प्रथमच बसतो, त्याला ठेच लागते ती दुसऱ्याच ठिकाणी. घट एकसरीत आहेत, ही ती जागा. पहिल्या घटाचे ऋण टोक हेच दुसऱ्याचे धन टोक. दुसऱ्याचे ऋण हेच तिसऱ्याचे धन. प्रत्येक मोड्यूल आपल्या घटाच्या ऋण टोकाला आपले ‘शून्य’ मानतो, कारण त्याचे सारे जग त्या दोन टोकांतच आहे. म्हणजे प्रत्येकाचे शून्य निराळे, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेले. दूरध्वनी केंद्रात धन टोक जमिनीला जोडण्याची प्रथा आहे, कारण त्यामुळे केबलींचे धातू विद्युत-रासायनिक क्रियेने झिजत नाहीत. तेव्हा पहिल्या घटाचे शून्य जमिनीच्या २.२५ व्होल्ट खाली, दुसऱ्याचे ४.५, आणि चोविसाव्याचे तब्बल ५४ व्होल्ट खाली. संगणकाचे शून्य मात्र जमिनीवर.

आता एखाद्या उत्साही माणसाने सर्व मोड्यूलांच्या शून्याच्या तारा, सोयीसाठी, एकत्र बांधल्या तर काय होईल? त्याने नकळत प्रत्येक घटाची दोन टोके एका केसासारख्या तारेने एकमेकांना जोडली. अशा मोठ्या घटाची टोके थेट जोडली तर हजारो अँपिअरचा प्रवाह वाहू शकतो. तार क्षणार्धात लाल होईल, तिचे आवरण पेटेल. शून्याच्या तारा जोडल्याच नाहीत, नुसत्या संदेशाच्या दोन तारा जोडल्या, तरी निभाव नाही. कारण आरएस-४८५ चे घटक आपल्या शून्याच्या ७ व्होल्ट खाली आणि १२ व्होल्ट वर, एवढ्याच मर्यादेतील दाब सहन करतात. उतरत्या पायऱ्यांचा हिशेब केला तर चौथ्या घटापाशीच, ९ व्होल्टवर, दोन शून्यांतील अंतर सातांची मर्यादा ओलांडते. बाकीचे वीस मोड्यूल जोडताक्षणी जळण्याचा धोका.

यातून जी वाट काढली आहे ती साधी आहे आणि सुंदरही. मोड्यूल आणि संदेशाची तार यांच्यामध्ये धातूचा संबंधच ठेवावयाचा नाही. मध्ये एक तांदळाच्या चिमटीएवढा घटक बसवितात. त्याला ऑप्टोकप्लर म्हणतात. त्याच्या एका बाजूस प्रकाश देणारा कण, दुसऱ्या बाजूस प्रकाश पाहणारा कण, आणि दोहोंमध्ये पारदर्शक पण विजेला न जुमानणारी भिंत. मोड्यूलला ‘एक’ म्हणावयाचे असले की इकडचा दिवा लागतो, तिकडच्याला तो दिसतो आणि तो तारेवर ‘एक’ म्हणतो. दोघांनी एकमेकांना स्पर्श केलेला नसतो. त्यामुळे इकडचे शून्य ५४ व्होल्ट खाली असो की उपकेंद्राच्या मालेत २०० व्होल्ट खाली असो, तारेला त्याची वार्ताही लागत नाही. काही नव्या घटकांत प्रकाशाऐवजी चुंबकीय किंवा विद्युत क्षेत्राची योजना असते, तत्त्व तेच. भिंतीच्या अलीकडच्या अंगाला वीज घटाकडून मिळते, पलीकडच्या अंगाला ती संगणकाच्या बाजूने द्यावी लागते. म्हणून घटगृहातून फिरणाऱ्या केबलीत दोन नव्हे, चार तारा असतात: दोन बोलण्याच्या, दोन पोटाच्या.

ही केबल एका मोड्यूलकडून दुसऱ्याकडे, त्याच्याकडून तिसऱ्याकडे, अशी माळेसारखी न्यावी. मध्येच तिला झाडासारखे फाटे फोडू नयेत. तिच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचा एकेक रोध लावतात. नाही तर विहिरीत हाक घातल्यावर ती परतून यावी तसा संदेश तारेच्या टोकावर आपटून परत येतो आणि पुढच्या शब्दात मिसळतो. घटाच्या टोकाला लागणारी प्रत्येक मापनाची तार तेथल्या तेथेच एका लहान फ्यूजमधून घ्यावी. यांखेरीज एक खोडी अशी, की संदेशाच्या दोन तारांना ‘ए’ आणि ‘बी’ म्हणण्याची चाल आहे, परंतु एक उत्पादक जिला ‘ए’ म्हणतो तिलाच दुसरा ‘बी’ म्हणतो. सारे नीट जोडूनही कोणीच उत्तर देत नसेल, तर जाणता तंत्रज्ञ डोके खाजविण्यापूर्वी त्या दोन तारांची अदलाबदल करून पाहतो. मोड्यूल आपली तहान घटातूनच भागवितो हेही ध्यानात ठेवावे लागते. ती काही मिलिअँपिअरचीच असते, पण सर्वांची सारखी असावी. एक मोड्यूल अधिक पिणारा निघाला तर त्याचा घट वर्षभरात इतरांच्या मागे पडतो आणि राखणदारच रोगाचे कारण होतो.

मोजावयाचे काय, याविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. दाब हा पहिला आकडा. तापमान दुसरा. शिसे-आम्ल घट २५ अंश सेल्सियसच्या आसपास जितकी वर्षे टिकेल, त्याच्या साधारण निम्मीच तो १० अंश अधिक तापमानात टिकतो. विदर्भात मे महिन्यात, दार लावलेल्या पत्र्याच्या कोठीत ठेवलेल्या घटांचे काय होत असेल याची कल्पना त्यावरून यावी. तिसरा आकडा अंतर्गत रोधाचा, आणि तोच सर्वांत बोलका. धडधाकट मोठ्या घटाचा रोध एका मिलिओहमहूनही कमी असतो. मोड्यूल क्षणभर घटातून १० अँपिअरचा प्रवाह ओढतो; रोध अर्धा मिलिओहम असेल तर दाब ५ मिलिव्होल्टने दबतो आणि लगेच सावरतो. त्या दबण्यावरून रोध कळतो. घट वाळू लागला, सांधे गंजू लागले, की रोध महिन्यामहिन्याने वाढतो. यात पाहावयाचे ते शेजाऱ्याच्या आकड्याकडे नव्हे, तर त्याच घटाच्या पहिल्या दिवशीच्या आकड्याकडे. म्हणून नवी माला बसविली की पहिली नोंद जपून ठेवावी लागते. ती न घेता वर्षभराने यंत्रणा जोडणे म्हणजे आजाऱ्याला प्रथमच पाहणाऱ्या वैद्याने ‘पूर्वीपेक्षा बरे दिसता’ म्हणण्यासारखे आहे.

वीज असताना या नोंदी पंधरा मिनिटांनी किंवा तासातासाने घेतल्या तरी पुरतात. वीज गेली की संगणकाने स्वतः होऊन चाल बदलावी आणि काही सेकंदांनी हजेरी घ्यावी, कारण दुबळा घट आपले खरे रूप भाराखालीच प्रकट करतो. तेवीस घट १.९५ वर संथपणे उतरत आहेत आणि एकच १.८ च्या खाली चालला आहे, हे चित्र पडद्यावर दिसले की आणखी पुरावा नको.

लिथियमच्या मालांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांच्या पेटीत पुष्कळदा सोळा घट आणि त्यांवर लक्ष ठेवणारे नियंत्रक-मंडल उत्पादकानेच घातलेले असते. बाहेर येते ते थेट आरएस-४८५ चे द्वार. अशा चार-सहा पेट्या समांतर जोडतात आणि प्रत्येकीला इवल्याशा खटक्यांनी क्रमांक देतात. तेथे संगणक पेट्यांची हजेरी घेतो आणि त्याला मुख्यतः पाहावे लागते ते हे, की प्रवाहाचा वाटा सर्वजणी सारखा उचलतात की एखादीच राबते आहे.

इतके सारे केल्यावर घटांची प्रत्यक्ष कसोटी टळली, असे काही विक्रेते सुचवितात. ते मान्य करण्याजोगे नाही. दाब, तापमान आणि रोध यांवरून घट आजारी आहे हे कळते. त्याच्यात किती तासांचे बळ उरले आहे हे नेमके कळते ते त्याला ठराविक भारावर रिते करून पाहिल्यानेच. त्या कसोटीत मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली आलेला घट बदलावा, हा दंडक जुनाच आहे आणि संगणक आल्याने तो रद्द झालेला नाही. हजेरीने एवढे साधते, की दोन कसोट्यांमधील कित्येक महिन्यांच्या काळात घटगृह अंधारात राहत नाही.

आणि शेवटी घट बदलावयास माणूसच जातो. पडद्यावर सतराव्या क्रमांकाचा रोध चढलेला दिसला, की तंत्रज्ञ बोटातली अंगठी काढून ठेवतो, कारण घटाच्या दोन टोकांत धातू अडकला तर तो कातडीला वितळून चिकटतो. रबरी हातमोजे घालून आणि दांड्याला रोधक पट्टी गुंडाळलेला पाना घेऊन तो घटगृहात शिरतो. मांडणीवरचे रंगविलेले आकडे आणि मोड्यूलांना दिलेले क्रमांक एकच आहेत ना, हे तो आधी धन टोकापासून बोटाने मोजून पाहतो. जुना घट निघाला, नवा बसला, पट्ट्या आवळल्या गेल्या. मोड्यूलही बदलला असेल तर त्याला तारेवर जोडण्यापूर्वीच सतरा हा क्रमांक द्यावा लागतो. कारखान्यातून आलेले बहुतेक मोड्यूल एक हाच क्रमांक घेऊन येतात, आणि तो तसाच जोडला तर पुढच्या हजेरीला ‘एक’ म्हणताच दोघे एकदम उत्तर देतात, आणि संगणकाला दोघांपैकी कोणाचेच ऐकू येत नाही.